जिवाणूलाही ताप येतो तेव्हा...

दही लावताना घरोघरी एक साधी टेस्ट केली जाते. दुधात करंगळी बुडवून बघायची. चटका बसला तर थांबायचं, कोमट लागलं तरच विरजण घालायचं. घाई करून कढत दुधात विरजण घातलं, तर सकाळी पातेल्यात दूध ते दूधच! कारण विचारलं तर "विरजण मेलं" एवढंच उत्तर मिळतं. उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट. जिवाणू गरमीने मरतात म्हणजे नेमकं काय होतं? ते जळतात का? वितळतात का? आणि ज्या तापमानाला ते मरत नाहीत, नुसते हैराण होतात, तिथे ते काय करतात?

मित्रांनो, हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याच्या उत्तरात थोडी केमिस्ट्री आहे, थोडी बायॉलॉजी आहे आणि चक्क आपल्या कंट्रोल सिस्टीम्सचा अख्खा चॅप्टर आहे! तेव्हा मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी "हे बायोटेकवाल्यांचं काम" म्हणून पान उलटू नये ही विनंती.

आपल्या गोष्टीचा नायक आहे ई. कोलाय. आपल्या आतड्यात राहणारा, दोनेक मायक्रॉन लांबीचा एक जिवाणू. शास्त्रज्ञांनी याच्याइतका अभ्यास दुसऱ्या कुठल्याच जिवाणूचा केलेला नाही, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ.

कारखाना कसा चालतो?

ई. कोलाय म्हणजे प्रथिनं बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या डीएनएमध्ये साधारण ४,३०० जीन्स आहेत, म्हणजे तितक्या मालाचे ड्रॉइंग्ज. मूळ ड्रॉइंग कधी शॉप फ्लोअरवर नेत नाहीत, त्याची कॉपी काढतात. ही कॉपी म्हणजे मेसेंजर आरएनए. कॉपी काढणारं मशीन म्हणजे आरएनए पॉलिमरेज. ही कॉपी रायबोसोम नावाच्या दुसऱ्या मशीनमध्ये जाते आणि त्यावरच्या सूचनेप्रमाणे अमिनो आम्लं एकापुढे एक जोडली जातात. ३७ अंश सेल्सिअसला रायबोसोम एका सेकंदात १५ ते २० अमिनो आम्लं जोडतो. चांगलं खाणं मिळालं तर या तापमानाला हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतो.

पण रायबोसोममधून बाहेर पडते ती नुसती एक लांब माळ. ती नीट घडी पडून विशिष्ट आकारात आली तरच कामाची. ही घडी कोण घालतं? अमेरिकेतल्या ख्रिश्चन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचं एक प्रथिन रसायनं घालून पूर्ण उलगडलं आणि मग ती रसायनं काढून घेतली. प्रथिन आपलं आपण पुन्हा मूळ आकारात आलं! म्हणजे आकाराची माहिती त्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असते. या कामासाठी त्यांना १९७२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मात्र अनफिन्सन यांच्या परीक्षानळीत भरपूर जागा होती. जिवाणूच्या आत ती अजिबात नसते. तिथे गर्दी म्हणजे संध्याकाळी सहाची विरार लोकल.

गरमीने नक्की काय बिघडतं?

प्रथिनाचा आकार ज्या बंधांनी टिकतो ते बंध फार नाजूक असतात. तापमान वाढलं की सगळे रेणू जोरात हलायला लागतात आणि हे बंध सुटतात. जळणं वगैरे काही नाही, घडी मोडते एवढंच. पण तेवढंही पुरतं.

प्रथिनात काही भाग तेलकट स्वभावाचे असतात, त्यांना पाणी आवडत नाही. नीट घडी पडलेल्या प्रथिनात ते आत दडलेले असतात. घडी मोडली की ते उघडे पडतात आणि शेजारच्या दुसऱ्या मोडक्या प्रथिनाच्या तेलकट भागाला जाऊन चिकटतात. त्याला तिसरं चिकटतं, त्याला चौथं... आणि गोळा तयार होतो. अंडं उकडल्यावर पांढरं आणि घट्ट होतं ते याच प्रकाराने. म्हणून उकडलेलं अंडं गार केलं तरी परत पातळ होत नाही.

सगळ्यात जास्त धोका नवीन मालाला असतो. जी माळ रायबोसोममधून अर्धीच बाहेर आली आहे, तिची घडी अजून पडायचीच असते. म्हणजे गरमीचा फटका गोदामातल्या तयार मालाला बसतोच, पण लाइनवरच्या अर्धवट मालाला जास्त बसतो. आणि एक नुकसान नाही, दोन होतात. काम करणारं प्रथिन गेलं हे एक. त्याचा गोळा इतर चांगल्या प्रथिनांनाही ओढून घेतो हे दुसरं.

इन्क्युबेटरचं बटण आणि फळमाशी

या विषयाची सुरुवात जिवाणूत नाही, माशीत झाली. इटलीमध्ये फेरुचिओ रितोसा हे फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांचा अभ्यास करत होते. ही गुणसूत्रं इतकी जाड असतात की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात आणि जिथले जीन्स जोरात काम करत असतात तिथे ती फुगलेली दिसतात. एकदा कुणीतरी त्यांच्या इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं. रितोसांनी पाहिलं तर फुगवटे भलत्याच नव्या जागी! दुसरा कुणी असता तर सॅम्पल फेकून दिलं असतं. रितोसांनी उलट मुद्दाम तापमान वाढवून तोच प्रयोग परत परत केला. त्यांचा लेख एका नामांकित जर्नलने "याला जीवशास्त्रीय महत्त्व नाही" असं ठरवून परत पाठवला, अशी आठवण त्यांनी पुढे लिहिली आहे. शेवटी तो १९६२ साली 'एक्सपेरिएन्शिया' या नियतकालिकात छापून आला.

त्या फुगवट्यांतून कुठली प्रथिनं बनतात हे १९७४ साली आल्फ्रेड टिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांना नाव पडलं हीट शॉक प्रोटीन्स. आणि १९७८ साली अमेरिकेत फ्रेडरिक नाइडहार्ट यांच्या आणि जपानमध्ये ताकाशी युरा यांच्या गटाला ई. कोलायमध्येही हाच प्रकार सापडला. तापमान वाढवलं की काही मिनिटांत बऱ्याच नेहमीच्या प्रथिनांचं उत्पादन खाली येतं आणि ठराविक थोड्या प्रथिनांचं झपाट्याने वर जातं. ५० अंशांच्या आसपास, जिथे जिवाणूची वाढ खुंटते, तिथे तर तो जवळजवळ फक्त हीट शॉक प्रोटीन्सच बनवत राहतो. बाकी सगळी लाइन बंद, फक्त मेन्टेनन्स डिपार्टमेंट चालू!

मुकादम बदलला की काम बदलतं

आता प्रश्न असा, की एका मिनिटापूर्वी एक माल काढणारा कारखाना इतक्या लवकर दुसऱ्या मालावर येतो कसा?

आरएनए पॉलिमरेजला कुठल्या जीनपासून कॉपी सुरू करायची हे स्वतःला कळत नाही. त्याला सोबत सिग्मा नावाचा एक घटक लागतो. साइटवरच्या मुकादमासारखा. मजूर तेच, पण मुकादम दाखवेल तिथे खोदायचं. रोजच्या कामाचा मुकादम म्हणजे सिग्मा-७०. १९८४ साली ॲलन ग्रॉसमन, जेम्स एरिक्सन आणि कॅरोल ग्रॉस यांनी दाखवलं, की गरमीच्या वेळी एक वेगळाच मुकादम येतो, सिग्मा-३२. तो पॉलिमरेजला हीट शॉक जीन्सकडे घेऊन जातो. त्याच्या हाताखाली शंभराच्या आसपास जीन्स आहेत.

३० अंशांना एका पेशीत सिग्मा-३२ चे जेमतेम १० ते ३० रेणू असतात. तापमान ४२ अंशांवर नेलं की पाच मिनिटांत ही संख्या १५ ते २० पट होते. मग ती उतरायला लागते आणि आधीच्या दोन-तीन पटीवर येऊन स्थिर होते. कंट्रोल सिस्टीम्स ज्यांनी शिकल्यात त्यांच्या डोळ्यांसमोर ग्राफ आला असेलच. स्टेप इनपुट, ओव्हरशूट आणि नवीन स्टेडी स्टेट!

थर्मामीटर कुठे आहे?

कंट्रोलर म्हटला की सेन्सर हवा. ई. कोलायकडे तो एक नाही, दोन आहेत.

पहिला सेन्सर म्हणजे सिग्मा-३२ ची स्वतःची आरएनए कॉपी. कमी तापमानाला ही कॉपी स्वतःभोवतीच गुंडाळलेली असते आणि रायबोसोमने जिथे बसायचं ती जागाच त्या गुंडाळीत अडकलेली असते. त्यामुळे कॉपी तयार असूनही वाचली जात नाही. तापमान वाढलं की गुंडाळी सैल होते, जागा मोकळी होते आणि रायबोसोम कामाला लागतो. नवीन कॉपी काढण्यात वेळ घालवायची गरजच नाही! हे आरएनए थर्मामीटर १९९९ साली युरा यांच्या गटाने मांडलं. यात प्रथिनं बिघडण्याची वाट बघावी लागत नाही. तापमान वाढलं की लगेच ॲक्शन. याला आपण फीडफॉरवर्ड म्हणतो.

दुसरा सेन्सर जास्त हुशार आहे. एरवी सिग्मा-३२ ला डीएनए-के नावाचं एक हीट शॉक प्रोटीन आपल्या जोडीदारांसह धरून ठेवतं आणि एफटीएसएच नावाचं एक कापणारं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. हे इतकं वेगाने चालतं, की सिग्मा-३२ चा अर्धा साठा साधारण मिनिटभरात नष्ट होतो. आता गरमी आली आणि मोडकी प्रथिनं वाढली. डीएनए-केचं मुख्य काम मोडक्या प्रथिनांना सांभाळणं, त्यामुळे ते तिकडे धावतं. सिग्मा-३२ मोकळा सुटतो, काही काळ टिकतो आणि आणखी डीएनए-के बनवायला लावतो. काम आटोक्यात आलं की रिकामं झालेलं डीएनए-के परत सिग्मा-३२ ला पकडतं आणि उत्पादन आपोआप कमी होतं. हा झाला फीडबॅक. इथे थर्मामीटर तापमान मोजत नाही, झालेलं नुकसान मोजतं.

इथे एक शंका येते. एखादी वस्तू सतत बनवायची आणि मिनिटभरात फोडायची, ही उधळपट्टी नाही का? शांत वेळेत आहेच. पण जो साठा हळू फुटतो तो वाढवायलाही वेळ लागतो आणि उतरवायलाही. पटकन चढायचं आणि पटकन उतरायचं असेल तर ही किंमत मोजावीच लागते. आणि उतरणं तितकंच महत्त्वाचं, कारण मेन्टेनन्सवर सगळी ऊर्जा घालवली तर वाढायचं कशाने? २००५ साली हाना एल-सामाद, मुस्तफा खमाश, जॉन डॉइल आणि कॅरोल ग्रॉस वगैरेंनी हीच यंत्रणा कंट्रोल थिअरीच्या गणिताने तपासली. यातले खमाश आणि डॉइल कंट्रोल इंजिनिअरिंगमधले. जी यंत्रणा उगाच गुंतागुंतीची वाटत होती, तिचा प्रत्येक जादा लूप वेग, काटकसर किंवा गोंगाटात टिकून राहणं यासाठी उपयोगी आहे असं त्यांना दिसलं.

पाठराखिणी आणि भंगारवाले

आता ही हीट शॉक प्रोटीन्स करतात काय ते बघू. यातल्या बऱ्याच प्रथिनांना शॅपरोन म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी फार छान शब्द आहे, पाठराखीण! नव्या नवरीबरोबर सासरी जाते, तिला एकटं वाटू देत नाही, भलत्या गोष्टींपासून सांभाळते आणि नवरी रुळली की आपल्या घरी परत येते. शॅपरोन अगदी हेच करतात. प्रथिनाबरोबर कायमचे राहत नाहीत.

डीएनए-के उघड्या पडलेल्या तेलकट भागाला धरतं, म्हणजे तो भलत्याला चिकटत नाही, आणि एटीपीची ऊर्जा वापरून योग्य वेळी सोडतं. (नावात डीएनए असलं तरी हे प्रथिनच. व्हायरसच्या डीएनएच्या अभ्यासात सापडलं म्हणून नाव तसं पडलं.)

ग्रो-ईएल तर मेकॅनिकलवाल्यांना आवडेल अशी वस्तू आहे. सात-सात भागांच्या दोन कड्या एकमेकींना पाठ लावून ठेवलेल्या, प्रत्येकीच्या आत पोकळी. मोडकं प्रथिन पोकळीत गेलं की वरून ग्रो-ईएस नावाचं झाकण बसतं. आत ते प्रथिन एकटंच. साधारण दहा सेकंदांनी झाकण उघडतं. घडी जमली तर ठीक, नाही तर परत आत. हा साचा नाही बरं का. मोदकाच्या साच्यात सगळे मोदक एकाच आकाराचे होतात, इथे वेगवेगळी प्रथिनं आपापल्या आकारात येतात. ग्रो-ईएल आकार शिकवत नाही, फक्त गर्दीपासून दूर एक खोली देतं. म्हणजे अनफिन्सन बरोबरच होते!

ज्यांचा गोळा होऊन गेलाय त्यांच्यासाठी क्लिप-बी आहे. ते डीएनए-केच्या मदतीने गोळ्यातून एकेक माळ ओढून बाहेर काढतं. आणि जे दुरुस्तच होत नाही ते लॉनसारख्या कापणाऱ्या एन्झाइम्सकडे जातं. तुकडे करायचे, अमिनो आम्लं परत वापरायची. जिवाणूच्या घरात भंगारही वाया जात नाही.

हे सगळं फक्त आणीबाणीसाठी आहे असं समजू नका. सिग्मा-३२ चा जीनच काढून टाकलेला ई. कोलाय २० अंशांच्या वर वाढू शकत नाही. म्हणजे आपल्याला जी थंडी वाटेल, तिथेच त्याला घाम फुटतो.

साखळीचा कच्चा दुवा

इतकी तयारी असूनही ४४-४५ अंशांच्या पुढे साध्या, जेमतेम खाण्यावरच्या ई. कोलायची वाढ मंदावते. वाटेल की हजारो प्रथिनं एकदम बिघडली असतील. पण १९७१ साली एलिओरा रॉन आणि बर्नार्ड डेव्हिस यांनी दाखवलं, की त्या खाण्यात मेथिओनिन नावाचं एकच अमिनो आम्ल घातलं तरी वाढ सुधारते! मेथिओनिन बनवणारं एक एन्झाइम इतरांपेक्षा फार लवकर बिघडतं. आणि जिवाणूतल्या प्रत्येक प्रथिनाची माळ मेथिओनिनपासूनच सुरू होते. पहिला मणीच नाही तर माळ ओवायची कशी? चार हजारांवर प्रकारच्या मालाचा कारखाना एका पार्टच्या तुटवड्याने अडतो.

आपल्याला काय त्याचं?

बरंच काही. पहिली गोष्ट इन्सुलिनची. जिवाणूकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन १९८२ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि डायबेटिसच्या पेशंट्सचं आयुष्य बदललं. पण ई. कोलायला परकं प्रथिन भरमसाट बनवायला लावलं की पाठराखिणी कमी पडतात आणि मालाचे गोळे होतात. इन्सुलिनच्या बाबतीत हे गोळे वेगळे काढून, रसायनांनी उलगडून, परत घडी घालावी लागते. म्हणून प्रोजेक्टमध्ये कुणाचं प्रोटीन असं गोळा होऊन तळाशी बसत असेल, तर पहिला उपाय फुकटचा आहे. इन्क्युबेटर ३७ वरून २० अंशांच्या आसपास आणा. रायबोसोम हळू चालतो, घडी पडायला वेळ मिळतो. दुसरा उपाय म्हणजे ग्रो-ईएलसारखे शॅपरोनही जास्त बनवून घेणं.

यातही एक पेच आहे. काही ठिकाणी उत्पादन सुरू करण्यासाठी तापमानाचंच बटण वापरतात. ३० अंशांना जीन बंद, ४२ ला चालू. रसायन घालावं लागत नाही, त्यामुळे स्वस्त आणि सोपं. पण त्याच ४२ अंशांना हीट शॉकही सुरू होतो आणि कापणारी एन्झाइम्स वाढतात. म्हणजे माल बनवायचा हुकूम आणि माल फोडायचा हुकूम एकाच बटणावर!

दुसरी गोष्ट अन्नाची. १९८२ साली यामामोरी आणि युरा यांनी दाखवलं, की ई. कोलायला आधी ४२ अंशांची झलक दिली तर नंतर ५५ अंशांना तो जास्त काळ तग धरतो. एकदम ५५ वर नेलं तर बरेच लवकर मरतात. तयारीला वेळ मिळाला की फरक पडतो. दूध पाश्चराइज करताना ७२ अंश आणि १५ सेकंद असे आकडे सांगतात, तेव्हा त्यात किती तापवलं इतकंच किती वेळ ठेवलं हेही असतं. रेंगाळत तापवलेलं अन्न आणि झटकन तापवलेलं अन्न जिवाणूच्या दृष्टीने सारखं नाही.

आणि तिसरी गोष्ट जरा भीतीदायक. १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्यात ज्या प्लेगने हाहाकार केला, त्याचा जिवाणूही आरएनए थर्मामीटर बाळगतो. पिसवेच्या अंगात गारवा असतो तेव्हा त्याची गुंडाळी घट्ट. माणसाच्या ३७ अंशांच्या शरीरात शिरला की ती सैल होते आणि हल्ल्याची हत्यारं बनायला लागतात. आपल्या अंगातली ऊब हीच त्याच्यासाठी खूण!

हीच हीट शॉक प्रोटीन्स आपल्यातही आहेत. ई. कोलायचं डीएनए-के आणि माणसातलं त्याचं भावंड यांची अमिनो आम्लं शेजारी शेजारी मांडली तर जवळजवळ निम्मी जुळतात. जिवाणू आणि माणूस यांच्या वाटा अब्जावधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी हे डिझाइन दोघांनीही जपून ठेवलंय. तुमच्या अंगात १०२ ताप असतो तेव्हा तुमच्या पेशींतही अशाच पाठराखिणींची धावपळ वाढलेली असते.

आपण कंट्रोलचे लूप शिकतो ते बहुतेक पास होण्यापुरते. ब्लॉक डायग्राम काढायचा, ट्रान्सफर फंक्शन लिहायचं, विसरून जायचं. पण सेन्सर, ॲक्च्युएटर, फीडबॅक, फीडफॉरवर्ड हे सगळं दोन मायक्रॉनच्या पेशीत, कुठल्याही वायरशिवाय, पाच मिनिटांत काम करून दाखवतं. यातले बरेच लूप अजून कुणीतरी मोजायचे बाकी आहेत. बायोटेकवाल्यांना त्यासाठी गणित येणारी माणसं हवीच आहेत. ब्रँच कुठलीही चालेल!